मशेटीच्या पायथ्याशी

दोर भाचीकडे होता. बूट आणि हार्नेस मात्र मी पुण्याहूनच नेले होते. सॅन होजेला उतरल्या दिवसापासून आमचं एकच चाललं होतं : पिनॅकल्स राष्ट्रीय उद्यानात कधी जायचं. नकाशात तिने एका उंच, लांबट धारेवर बोट ठेवलं होतं. मशेटी रिज. तिच्यावर 'ओल्ड ओरिजिनल' नावाची जुनी वाट आहे. अवघड नाही, पण लांब आहे, एकामागून एक टप्पे घेत माथ्यावर नेणारी. "मावशी, तुला असल्याच वाटा आवडतात," ती म्हणाली होती. खरंच आवडतात.

एप्रिलचा पहिला आठवडा. पहाटे निघालो. गिलरॉयला गाडीच्या काचा बंद होत्या तरी लसणाचा वास आत आला. पुढे सलिनासचं खोरं लागलं, दोन्ही बाजूंना लेट्यूसचे सरळ वाफे आणि त्यांत वाकून काम करणारी माणसं. सोलेदाद गावापाशी मोठा रस्ता सोडला. मग द्राक्षमळे, हिरव्या गोल टेकड्या, एका वेळी जेमतेम एकच गाडी जाईल असा वळणांचा रस्ता. आणि एका वळणावर अचानक ते सुळके. आसपासच्या मऊ डोंगरांशी काही नातं नसल्यासारखे उभे, लालसर, खडबडीत.

नातं खरोखरच नाही. 2 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी ज्या ज्वालामुखीतून हा खडक आला, त्याचे उरलेले अवशेष इथून सुमारे 300 किलोमीटर आग्नेयेला आहेत. सॅन आन्द्रेआसच्या भेगेने मधोमध कापून हा अर्धा भाग इंचाइंचाने इथवर ओढत आणला. आपला सह्याद्री जागच्या जागी थरावर थर रचत उभा राहिला. हे सुळके प्रवास करून आलेले आहेत.

वाहनतळाशेजारी फलक होता. वर ससाण्याचं चित्र, खाली खडकांच्या नावांची यादी. यादीत मशेटी होती.

मी दोनदा वाचलं. बंदी असा शब्द नव्हता. जानेवारी ते जुलै हा शिकारी पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, या काळात या कड्यांवर चढू नये, त्यांच्या पायथ्याशी रेंगाळू नये, अशी विनंती होती. मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. साठी जवळ आली आहे, गुडघे कुरकुरतात, आणि इतक्या लांब पुन्हा कधी येणं होईल कुणास ठाऊक. "विनंतीच आहे ना?" मी म्हटलं. भाचीने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, इथे विनंती सगळे पाळतात."

यादीत नसलेल्या एका ठेंगण्या खडकावर आम्ही दोर लावला. हा दगड आपल्या काळ्या कातळासारखा नाही. राखेच्या गाऱ्यात लहानमोठे धोंडे कालवून वाळवावेत तसा दिसतो. ज्या उंचवट्यावर भरवसा टाकावा, तोच कधी हातात निघून येतो. पाऊस पडून गेल्यावर तर इथे चढूच नये म्हणतात, ओल्याने तो आणखी ठिसूळ होतो. दुसऱ्या बोल्टच्या वर माझ्या पायाखालून लिंबाएवढा खडा सुटला आणि तोंडातून आपसूक "दगड!" निघालं. खाली दोर सांभाळत बिले देणारी भाची झटकन भिंतीला चिकटली. मराठी आरोळी परदेशातही वेळेवर पोचली.

दुपारच्या आत दोर गुंडाळला आणि बाल्कनीज नावाच्या कड्यांकडे जाणाऱ्या पायवाटेने निघालो. ओढ्याला पाणी होतं, दगडांवरून उड्या मारत तो दोनतीनदा ओलांडावा लागला. पुढे एका सपाट जागी तिपाईवर दुर्बीण लावून एक बाई बसल्या होत्या. सत्तरीच्या असाव्यात. मांडीवर वही, वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. उद्यानासाठी स्वयंसेवक म्हणून त्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवतात. मी मशेटीकडे टक लावून पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि दुर्बिणीकडे हात केला.

आधी नुसता दगड दिसला. मग पांढरे ओघळ, कुणी वरून चुन्याची बादली कलंडून दिल्यासारखे. ओघळांच्या वर एक खोबण. खोबणीत तपकिरी काहीतरी, आणि मग त्या तपकिरी आकाराला डोळा होता.

प्रेअरी ससाण्याची मादी अंड्यांवर बसली होती. ससाणे काड्या जमवून घरटं बांधत नाहीत. कपारीतली माती पायांनी उकरून खळगा करायचा आणि त्यातच चारपाच अंडी घालायची. महिनाभर उबवण, त्यानंतर आणखी पाचेक आठवडे पिल्लांचे. पिनॅकल्समध्ये या पक्ष्यांची जितकी दाटी आहे तितकी फार थोड्या ठिकाणी आढळते. उघडी मैदानं, त्यांत खारी, आणि मधोमध असे कपारींचे कडे, त्यांना हवं ते सगळं इथे आहे.

बाईंनी सांगितलं ते मी मनात नीट साठवून ठेवलं. माणूस कपारीच्या जवळ, विशेषतः वरच्या बाजूला आला, की मादी उठते. किंचाळत, झेपा घेत राहते. तेवढा वेळ अंडी उघडी पडतात, सकाळी गारठतात नाहीतर दुपारी उन्हात तापतात, आणि डोमकावळे टपलेलेच असतात. पिल्लं मोठी झाली असतील तर घाबरून पंख तयार होण्याआधीच ती कडा सोडतात. चढणारा अर्ध्या तासात पुढे निघून जातो. त्याला वाटतं, पक्षी उगाच ओरडत होता.

हे कडे जानेवारीपासून सरसकट अडवून ठेवत नाहीत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. 1980 च्या दशकापासून इथे दरवर्षी कपारीन् कपार पाहिली जाते. जिथे जोडी बसलेली नाही, ते खडक यादीतून काढून टाकतात. चढणाऱ्यांची संघटनाच ही यादी आपल्या लोकांपर्यंत पोचवते. म्हणून त्या यादीवर विश्वास आहे. ज्या कड्यावर जाऊ नका म्हणतात, तिथे खरंच कुणीतरी आहे.

योसेमिटीची गोष्टही त्यांनीच काढली. डीडीटीने बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवायला बसलेल्या आईच्या वजनाने ती फुटत. अमेरिकेत डीडीटीवर 1972 साली बंदी आली, तोवर कडेच्या कडे रिकामे झाले होते. योसेमिटीत 1941 नंतर एकही जोडी आढळली नव्हती. 1978 साली एक जोडी तिथल्या एल कॅपिटान कड्यावर सापडली, आणि ती पाहिली चढणाऱ्यांनीच. मग पातळ कवचाची अंडी काळजीपूर्वक खाली आणायची, सुरक्षित जागी उबवायची आणि पिल्लं पुन्हा कपारीत नेऊन ठेवायची, या कामाला दोरावरची माणसंच लागली. पिनॅकल्सलाही 2005 साली बहिरी ससाण्यांनी काही दशकांनंतर पुन्हा घर केलं.

बाई बोलत होत्या आणि मला नाशिककडचा एक सुळका आठवत होता. पंचवीसेक वर्षं झाली. फेब्रुवारीचा महिना, आम्ही चौघं. तिसऱ्या टप्प्यावर डाव्या हाताच्या खाचेखाली असेच पांढरे ओघळ होते. तिथे पोचण्याआधीच एक शाहीन ससाणा सुटला आणि डोक्यावरून कॅक-कॅक-कॅक करत फिरू लागला. इतका जवळून, की त्याच्या पंखांचा सपकारा ऐकू येत होता. आम्हाला ते वैभव वाटलं. खालून एकाने फोटो काढले. खाचेपाशी मी पेग ठोकला, हातोड्याने, सावकाश, पक्का बसेपर्यंत. माझ्या कोपरापासून ती कपार फार तर दोन हात असेल. आत डोकावून मी पाहिलंही नाही. पाहण्याजोगं काही असेल असं मनातच आलं नाही. आग्या मोहोळ दिसलं असतं तर आम्ही मुकाट वाट बदलली असती. सह्याद्रीत चढणारं प्रत्येक माणूस त्यांच्यापुढे नमतं घेतं. ससाणा चावत नाही, एवढाच फरक.

त्या चढाईची नोंद माझ्या डायरीत आहे. टप्पे किती, पेग किती, माथ्यावर पोचल्याची वेळ. पक्ष्याबद्दल एक ओळ नाही.

ढगांच्या कडेने एक मोठी सावली सरकत आली. कॅलिफोर्नियाचा काँडोर. नऊ साडेनऊ फुटांचा पंखविस्तार, एकदाही न हलवता. पंखावरचा क्रमांक दुर्बिणीतून वाचता येत होता. 1987 साली जगात हे 27 उरले होते, सगळेच्या सगळे पिंजऱ्यात. 2003 पासून पिनॅकल्समध्ये ते मोकळे सोडले जातात. शिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या मांसातले गोळ्यांचे शिशाचे तुकडे त्यांच्या पोटात जातात आणि ते मरतात. म्हणून 2019 पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे. मी बाईंना आमच्या गिधाडांबद्दल सांगितलं. गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकने ती कशी पडली, 2006 साली त्या औषधावर बंदी येईपर्यंत आमचे कडे कसे सुने झाले. त्या ऐकत राहिल्या. विषं वेगळी, पण दोन्ही मेलेल्या जनावरातून पोटात गेलेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी नर आला. पायांत खार होती. उडताना त्याच्या काखेतला काळा पट्टा स्पष्ट दिसला, प्रेअरी ससाण्याची खूण तीच. मादी कपारीतून सुटली, शेजारच्या खडकावर जाऊन तिने खार घेतली आणि फाडू लागली. तेवढ्यात नर अंड्यांवर जाऊन बसला. तो तिच्याहून लहान, त्याला अंडी पोटाखाली घेताना दोनतीनदा हलून पाहावं लागलं. बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. मी माझं पेन दिलं, आणि त्यांनी दुर्बिणीवरचा डोळा न काढता मला वही पुढे केली. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. वेळ, नर, खार, अदलाबदल. चौतीस मिनिटांनी मादी परतली, तेही लिहिलं.

संध्याकाळी सोलेदादला कॉफी प्यायला थांबलो तेव्हा सात वाजले होते. भारतात सकाळचे साडेसात. मी नाशिकला फोन लावला, त्या चढाईत दोराचं दुसरं टोक ज्याच्याकडे होतं त्याला.

"तिसऱ्या टप्प्यावरची ती खाच आठवते? ससाणा ओरडत होता ती?"

"पेग मारला होतास ती?"

"हो. तिथे अजून पांढरं दिसतं का रे?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मागे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"खालूनच बघावं लागेल," तो म्हणाला. "रविवारी जाऊन येतो."