दादाला, बॅथरीच्या तीन ‘ज्युबिलियम’विषयी

पुणे, रविवार

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. बॅथरी या मेटल बँडचे मूळ अल्बम घरात असताना ‘ज्युबिलियम’ या संकलनाचे तीन खंड कशाला विकत घ्यायचे, असं तू विचारतोस. माझं उत्तर सरळ आहे: जी मोजकी गाणी या खंडांतच पहिल्यांदा बाहेर आली, त्यांच्यासाठी. अल्बमांमध्ये बँडचा कर्ताधर्ता क्वॉर्थन घडून तयार झालेला भेटतो, या गाण्यांमध्ये तो घडताना ऐकू येतो.

स्टॉकहोमच्या वेलिंगबी उपनगरात १९८३ साली हा बँड सुरू झाला, तेव्हा क्वॉर्थन जेमतेम सतरा वर्षांचा होता. त्याआधी तो एका पंक बँडमध्ये वाजवायचा. बँडचं नाव त्यानं हंगेरीच्या कुख्यात काउंटेस एलिझाबेथ बाथोरीवरून घेतलं. १९८४ मध्ये टायफॉन या कंपनीनं ‘स्कँडिनेव्हियन मेटल अटॅक’ नावाचं अनेक बँडचं संकलन काढलं आणि त्यात बॅथरीची दोन गाणी घेतली. श्रोत्यांची पत्रं आली ती मुख्यतः या पोरांबद्दल विचारणारी. मग कंपनीनं पूर्ण अल्बम मागितला. बॅथरीचं नाव झालं तेच मुळी एका संकलनामुळे, हे लक्षात ठेव.

पहिला अल्बम त्याच वर्षी जूनमध्ये ‘हेवनशोअर’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. नाव भारदस्त, जागा मात्र एका गॅरेजची. आठ ट्रॅकचं यंत्र, हाताशी फारसा पैसा नाही आणि घाई. गिटारच्या तारांवर अखंड, वेगानं चालणारं पिक, त्याच्यामागे धावणारे ड्रम आणि घशातून खरवडून काढलेला आवाज, सगळं एकमेकांत मिसळून धुरकट झालेलं. पुढे नॉर्वेच्या डार्कथ्रोनसारख्या ब्लॅक मेटल बँडनी हाच धुरकटपणा समजून उमजून जोपासला. मुखपृष्ठावरचा बोकड सोनेरी हवा होता, छापून आला पिवळा. त्या पहिल्या हजार प्रतींसाठी संग्राहक आजही जीव टाकतात.

आता ‘ज्युबिलियम’चा पहिला खंड, १९९२ चा. त्यात ‘यू डोन्ट मूव्ह मी’ आहे आणि दुसऱ्यात, १९९३ च्या, ‘डाय इन फायर’ आणि ‘बर्निन लेदर’. ही गाणी ऐकताना मोटरहेडचा आणि पंकचा प्रभाव लपत नाही. गाण्यांत सैतान अजून पुरता आलेला नाही. काळोख, थंडी, भव्यता यांतलं काहीच नाही. आहे ती उपनगरातल्या मुलांची रग. मला ही गाणी फार मोलाची वाटतात. ब्लॅक मेटल आभाळातून पडलं असं सांगणाऱ्या साऱ्या दंतकथांपेक्षा ती अधिक खरं सांगतात.

आणि त्याच दुसऱ्या खंडात ‘वन रोड टू आसा बे’ आहे! ‘हॅमरहार्ट’ या १९९० च्या अल्बममधलं, दहा मिनिटांचं, संथ, मागे समूहगायन असलेलं. उत्तरेतल्या गावात नवा धर्म घेऊन येणाऱ्यांची ती कथा. सुरुवातीच्या दिवसांतलं ‘डाय इन फायर’ आणि हे गाणं एकाच माणसाची, मध्ये जेमतेम सहा-सात वर्षं.

तक्रार एकच, पण मोठी. खंडांमध्ये गाण्यांचा काळक्रम पाळलेला नाही. जुनं-नवं सरमिसळ वाजत राहतं, त्यामुळे हा प्रवास ऐकणाऱ्यालाच जुळवावा लागतो. १९९८ चा तिसरा खंड तर फारच विस्कळीत आहे: ‘रेक्विएम’ आणि ‘ऑक्टॅगन’ या अल्बमांमधली कोरडी थ्रॅश गाणी, मधूनच ‘ब्लड ऑन आइस’मधली वीरगाथा. तरी त्याच खंडात ‘सेटन इज माय मास्टर’ आणि ‘व्हलहाला’ आहेत, आधीच्या कुठल्याच अल्बमवर नसलेली. शीर्षकंच बघ ना, एक सैतानाचं, दुसरं ओडिनच्या सभागृहाचं.

‘ब्लड ऑन आइस’ची गोष्टही अशाच कपाटात पडून राहिलेल्या टेपांची. १९८८-८९ च्या सुमारास त्याचं बरंचसं काम झालं होतं. पण आधीच्या अल्बमांपासून हे फार दूर जातंय असं वाटून क्वॉर्थननं ते बाजूला ठेवलं. चाहत्यांना त्याचा सुगावा लागला, विचारणा होत राहिली, अखेर १९९६ मध्ये ते पुरं होऊन आलं. दुसऱ्या बँडच्या चाहत्यांना मैफलींच्या ध्वनिफिती तरी मिळतात; बॅथरीनं सुरुवातीनंतर मंचावर वाजवणं सोडलं होतं, त्यामुळे इथे त्याही नाहीत. जे काही आहे ते स्टुडिओतलंच. म्हणून प्रत्येक न वापरलेल्या टेपला इतकं वजन.

क्वॉर्थन जून २००४ मध्ये हृदय बंद पडून गेला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. त्यानंतर त्याची बहीण जेनी टेबलर हिनं ‘साँग टू हॉल अप हाय’ स्वतःच्या आवाजात गायलं. मूळ गाणं पहिल्या खंडात आहे, तेही ऐक.

ऐकताना डिस्कचा क्रम विसर. ‘डाय इन फायर’, मग पहिल्या अल्बममधलं ‘सॅक्रिफाइस’, मग ‘एंटर द इटर्नल फायर’, मग ‘अ फाइन डे टू डाय’ आणि शेवटी ‘आसा बे’. पहिला आणि तिसरा खंड माझ्याकडे आहेत, ते कुरिअरनं पाठवते. तू फक्त दुसरा घे.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
छोटी