बाथर्स्टच्या डोंगराखाली

गेल्या वर्षी भाच्याकडे सिडनीला दोन महिने राहिलो. एका शनिवारी फजरनंतर तो म्हणाला, "मामू, बाथर्स्टला येता? एक जुनी गाडी बघायचीय. इंजिन अस्सल आहे का, ते तुम्हीच सांगा." खेडला पंचवीस वर्षे माझे गॅरेज होते, त्याचा हा मान.

सिडनीहून बाथर्स्ट दोनशे किलोमीटर. ब्लू माउंटन्सचा घाट चढून लिथगोची खाणवस्ती ओलांडली, की सपाट कुरणे लागतात. हा भाग मूळचा विराजुरी लोकांचा. 1815 मध्ये गोऱ्यांनी येथे गाव वसवले. किनाऱ्यापासून आत वसलेले त्यांचे हे पहिलेच गाव. गावालगत माउंट पॅनोरमा हा डोंगर आहे. विराजुरी त्याला वाहलू म्हणतात. डोंगरावरून फिरणारा 6.213 किलोमीटरचा रस्ता म्हणजे ऑस्ट्रेलियातील सर्वांत नावाजलेली शर्यतीची वाट. शर्यत नसते तेव्हा तो साधा सार्वजनिक रस्ता असतो. वेगमर्यादा ताशी 60. आम्हीही आमच्या टोयोटाने एक फेरी मारली.

या डोंगरानेच येथल्या 'मसल कार' घडवल्या. शर्यतीत धावणारे मॉडेल दुकानातही विकले गेले पाहिजे, असा नियम होता. म्हणून कंपन्या घरगुती मोटारीत दांडगी इंजिने बसवून विकू लागल्या. 1968 ची शर्यत होल्डन मोनारो जीटीएस 327 ने जिंकली. तिचे इंजिन अमेरिकेतील शेव्हरोलेचे होते. 1971 ला ॲलन मोफॅटने फोर्ड फाल्कन जीटीएचओ फेज थ्री एकट्याने चालवून बाजी मारली. क्रायसलरने सहा सिलिंडरवरच भर दिला. 1972 च्या चार्जर ई49 मध्ये 265 घनइंचाचे इंजिन, तीन वेबर कार्ब्युरेटर आणि 302 अश्वशक्ती होती. अशा गाड्या फक्त 149 निघाल्या. फेज थ्री 300.

संख्या कमी, म्हणून भाव चढे. वेगवान गोलंदाज जेफ थॉमसन यांच्याकडे एकेकाळी असलेली एक फेज थ्री 2018 मध्ये लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. भाव चढला की नक्कल आलीच. साध्या फाल्कनला पट्टे चिकटवायचे, दुसरे इंजिन टाकायचे आणि मूळची म्हणून विकायची.

भाच्याला बघायची होती ती फेज थ्री नव्हे, पण त्याच पिढीची 1971 ची फाल्कन एक्सवाय. जाहिरातीत लिहिले होते, 'कारखान्याचेच 351 इंजिन'. या शब्दांपायी त्याची पाच वर्षांची बचत जाणार होती. पुढल्या वर्षी लग्न, हेही डोक्यात होतेच.

मालक सत्तरीचे गृहस्थ. शेडमध्ये गाडी चकचकीत उभी होती. भाचा नुसता बघत राहिला. मी मात्र आधी कागद आणि पेन्सिल मागितली. आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात ना, तसेच केले. ऑस्ट्रेलियन फोर्डची एक सोय आहे. चेसिसचा जो क्रमांक, तोच इंजिनावर ठोकलेला असतो. होल्डनचे तसे नाही. तेथे इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो, त्यामुळे जुनी कागदपत्रे शोधावी लागतात.

दोन छापा शेजारी धरल्या. जुळल्या नाहीत.

घाई नको म्हणून टॉर्च घेऊन खाली शिरलो. ओतकामाच्या वेळी लोखंडातच तारीख उमटवलेली असते. फोर्डची रीत सोपी आहे: पहिला अंक वर्षाचा, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस. 'ए' म्हणजे जानेवारी, 'बी' म्हणजे फेब्रुवारी, असे पुढे. फक्त 'आय' वगळतात, कारण ते एकच्या आकड्यासारखे दिसते. या इंजिनावर होते '3सी12', म्हणजे 12 मार्च 1973. गाडी 1971 ची! इंजिन गाडीच्या आधी ओतलेले असू शकते, नंतर कसे असेल?

आणखी एक शंका होती. 302 आणि 351 ही दोन्ही क्लीव्हलँड इंजिने बाहेरून सारखीच दिसतात. दोन्हींच्या सिलिंडरचा व्यास चार इंच. फरक पिस्टनच्या धावेत, एकाची तीन इंच, दुसऱ्याची साडेतीन. ते स्पार्क प्लग काढून धाव मोजल्याशिवाय कळत नाही. पण इंजिन मूळ नाही हे ठरल्यावर मी त्या फंदात पडलो नाही.

मालकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही छापा पाहिल्या. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मीही ती मूळची म्हणूनच घेतली होती, तीस वर्षांपूर्वी. कधी वाकून पाहिले नाही. त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या तेव्हा ते बाकावर बसून जाहिरातीचा कागद दुरुस्त करत होते. 'कारखान्याचेच' हा शब्द खोडला आणि खाली लिहिले, 'इंजिन 1973 चे, नंतर बसवलेले'. मला विचारले, "बरोबर लिहिले ना?"

विकताना मालाचा ऐब सांगावा, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. सहा हजार मैलांवर एका शेडमध्ये, स्वतःचे हजारो डॉलर बुडत असताना, कोणी सांगितल्याशिवाय ते लिहिणारा माणूस मी पाहिला.

परतताना डोंगराच्या पायथ्याच्या शर्यत संग्रहालयात थांबलो. 2016 मध्ये फोर्डने आणि 2017 मध्ये होल्डनने येथले कारखाने बंद केले. आता अशी गाडी पुन्हा होणार नाही. जे आहे ते जपायचे, आणि जसे आहे तसे सांगायचे.

घाटात भाचा गप्प होता. लिथगो मागे पडल्यावर म्हणाला, "मामू, नव्या किमतीत मिळाली तर घेऊ का?"

मी म्हणालो, "आधी निकाहचा खर्च बाजूला काढ. मग प्लग काढून धाव मोजू."