पळसाची फांदी

लगाम गाव सोडून बस आष्टीकडे निघाली आणि पाच-सहा मिनिटांतच थांबली. २०२२ चा डिसेंबर होता, सकाळचे साडेआठ वाजले असतील. आईचे डोळे दाखवायला चंद्रपूरला निघालो होतो. एक वाजायच्या आत पोहोचलो तरच चिठ्ठी मिळणार होती.

"कायले थांबली रे बाबू?" आईनं विचारलं.

खाली उतरून पुढे चालत गेलो. वळणावर मालानं भरलेल्या एका ट्रकचा पाटा तुटला होता. ड्रायव्हर चाकाजवळ उकिडवा बसला होता, अंगावर रात्रीचंच स्वेटर. रस्त्याचं डांबर जेमतेम दोन गाड्यांपुरतं, त्यातलं निम्मं त्या ट्रकनं व्यापलेलं. साइडपट्टीचा मुरूम पावसात वाहून गेलेला, डांबराच्या कडेला वीतभर खोल उतार. चाक खाली गेलं तर गाडी कलंडणार, म्हणून कुणीच खाली उतरवायला धजेना. तरीही एका वेळी एक गाडी जाईल एवढी वाट उरली होती. म्हणजे खरं तर रस्ता बंद झालेलाच नव्हता.

तो बंद केला आम्ही. मागच्या गाड्यांना वाटलं, पुढे जाऊन बघू, आणि त्या रांग सोडून उजवीकडून पुढे आल्या. पलीकडच्यांनीही तेच केलं. अर्ध्या तासात दोन्ही बाजूंच्या दुहेरी रांगा त्या एका फटीपाशी समोरासमोर येऊन भिडल्या. आता ट्रक उचलून बाजूला ठेवला असता, तरी कुणी हलू शकलं नसतं. घोटमार्गे जायचं म्हणावं, तर बस वळवायलाही जागा नाही.

मी गाड्या मोजल्या. दोन्ही बाजूंच्या मिळून सत्तर-पंच्याहत्तर. पुण्या-मुंबईत एका सिग्नलला एवढ्या गाड्या उभ्या असतात आणि कोणी त्याला कोंडी म्हणत नाही. पण तिथं शेजारून गल्ली निघते, पूल असतो, लोकल असते. इथं भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा आणि आमचा मुलचेरा, एवढ्या तालुक्यांची बहुतेक ये-जा आलापल्ली-आष्टीच्या या एकाच रस्त्यानं होते. २०२१ पासून सुरजागडच्या पहाडीवरचं लोहखनिजही पुन्हा इथूनच निघू लागलं. बांबू, सागवान, धान, शाळेची पोरं, बाळंतीण, सगळ्यांना वाट तीच. कोंडी गाड्यांच्या गर्दीनंच होते असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्या दिवशी कळलं, दुसरी वाट नसली की सत्तर गाड्याही पुरेशा होतात.

आमच्या मागे एक पिकअप होती. तिच्यात निळे ड्रम, ड्रममध्ये जिवंत मासे. सुंदरनगरकडचा बंगाली माणूस, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून सारखा पाणी खळबळत होता. एक ड्रम झाला की दुसरा, मग पुन्हा पहिला. गाडी चालती असली की हिंदकळ्यांनीच पाण्यात हवा मिसळते, उभी राहिली की मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. डिसेंबरच्या थंडीत त्याची बोटं पांढरी पडली होती. आईनं खिडकीतून विचारलं, "दादा, थकला नाही का?" तो म्हणाला, "थांबलो तर मरेल, मावशी."

वाट मोकळी केली ती आमच्या कंडक्टरनं. त्याचे वडील नागभीडकडे छोट्या रेल्वेत होते. २०१९ मध्ये नागपूर-नागभीडची ती गाडी बंद झाली, पण तिची रीत त्याच्या डोक्यात होती. एकेरी रुळावर वाट मोकळी असल्याची खूण म्हणून दिलेला गोळा ज्याच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जाणार. त्यानं लगामच्या चार पोरांना हाताशी धरलं आणि उजवीकडे घुसलेल्या गाड्या एकेक करून मागे घ्यायला लावल्या. त्यातच तास गेला, शिव्याही खाव्या लागल्या. मग पळसाची एक फांदी तोडली. इकडच्या दहा गाड्या सोडायच्या, दहाव्या गाडीला फांदी द्यायची. फांदी पलीकडे पोहोचली की तिकडच्या दहा निघणार आणि फांदी परत येणार. पहिल्या दहांत आमची बस नववी होती आणि दहावी मासेवाल्याची पिकअप. ड्रमच्या दोरीत फांदी खोचून तो आमच्या मागोमाग त्या फटीतून निघाला.

त्यानंतर मी रस्त्याकडे वेगळ्या नजरेनं बघतो. रुंदीकरण व्हावंच, पण दोन्हीकडे वनजमीन आहे, त्याला परवानग्या लागतात, वर्षं जातात. साइडपट्टीत मुरूम भरून तो दाबायला एवढं काय लागतं? दर दोन-तीन किलोमीटरवर जड गाडी बाजूला घेता येईल असा रुंद तुकडा हवा. शाळा-दवाखान्याच्या वेळेत जड वाहनं थांबवून ठेवता येतात. आणि जो माल रस्त्यावरून काढता येईल तो काढला पाहिजे. सुरजागडच्या खनिजासाठी हेडरी ते कोनसरी ८५ किलोमीटरची पाइपलाइन २०२५ मध्ये सुरू झाली. त्याची भुकटी पाण्यात मिसळून तिच्यातून नेतात, तेवढे ट्रक कमी. रेल्वेचं तर काय सांगावं, सगळ्या जिल्ह्याला वडसा हे एकच स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटर रुळांची वाट बघण्यात आमची एक पिढी म्हातारी झाली.

आम्ही चंद्रपूरला पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. चिठ्ठीची खिडकी बंद. नातेवाइकांकडे रात्र काढून दुसऱ्या दिवशी आईचे डोळे दाखवले.

पुढे महिनाभरानं मुलचेऱ्याच्या बाजारात तो मासेवाला दिसला. आईचं ऑपरेशन झालेलं, तिनंच त्याला ओळखलं. त्या दिवशी निम्मे मासे मेले, म्हणाला. आता त्यानं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घेतला आहे आणि रात्री दोनलाच निघतो, रस्ता मोकळा असतो म्हणून. "झोप कधी घेतो मंग?" आईनं विचारलं. त्यानं एक मरळ उचलून तराजूत टाकली आणि म्हणाला, "दुपारी, मावशी. पण दुपारी तलावावर काम असते."