जुलै आला, की मी बंद!

‘पाऊस आला, आता तुझी लेखणी सुटणार!’ जूनची पहिली सर आली, की ऑफिसातलं कुणीतरी हे म्हणतंच. लिहिणारी माणसं खिडकीत बसून आल्याचा चहा पिणार आणि धडाधड कविता पाडणार, असा लोकांचा फंडा आहे. माझं नेमकं उलटं आहे राव. जूनमध्ये मीही लोणावळ्याला भिजून येते, भजी हाणते. मग जुलै लागतो, आभाळ आठ-आठ दिवस उघडत नाही आणि मी बंद पडते.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात बारा महिने एसी २३ वर. काळ्या काचांतून मे आणि ऑगस्ट सारखेच दिसतात. तरी शरीराला बरोबर कळतं. मी सॉफ्टवेअरची मॅन्युअल्स लिहिते. एरवी दिवसात हातावेगळं होणारं प्रकरण जुलैत चार दिवस रेंगाळतं. अप्रेझलमध्ये दोन वर्षं ओळीनं एकच शेरा : ‘कन्सिस्टन्सी नाही.’ मीही मान्य करून टाकलं. आळशी, दुसरं काय!

खरा फटका बसला तो ऑफिसबाहेर. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. कथा द्या, १५ ऑगस्टपर्यंत. पहिलंच निमंत्रण! आईनं लगेच मावशीला कळवलं. १५ ऑगस्टला माझ्याकडे दीड पान होतं, तेही खोडलेलं. संपादकांनी आठ दिवस वाढवून दिले. त्यानंतर मी त्यांचे फोन घेणंच बंद केलं. (हे लिहितानाही लाज वाटतेय.)

कथा झाली ऑक्टोबरात, चार बैठकांत! हीटनं सगळे वैतागलेले आणि मी गॅलरीत उन्हात बसून लिहितेय. तोवर अंक स्टॉलवर लागलेसुद्धा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनची ही गोची असणार : अंक वाचायचा पणत्यांच्या उजेडात, लिहायचा मात्र ढगांखाली.

मग जरा वाचून काढलं. ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याला नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ म्हटलं. ती गोष्ट मुख्यतः लांबलचक, काळोख्या हिवाळ्यांच्या देशांतली. पुण्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या दिवसात जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा फरक. आपल्याकडे उजेड खातात ते ढग. मला हा आजार आहे, असं कुणा डॉक्टरनं सांगितलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण जुन्या डायऱ्या काढल्या, तर पाच वर्षांचे जुलै-ऑगस्ट कोरे!

यंदा मॅनेजरला सरळ सांगितलं. आधी हसला. मग कामाच्या तारखा दाखवल्या, तेव्हा गप्प झाला. आता मोठं मॅन्युअल मेमध्येच संपवायचं, जुलैत फक्त दुरुस्त्या. टेबल खिडकीशी. जेवणानंतर पाऊस थांबलेला असेल, तर गेटपर्यंत चक्कर. ढगाळ असलं तरी बाहेर ट्यूबलाइटपेक्षा जास्तच उजेड असतो.

आणि कथा? नवी लिहिली, मार्चमध्येच. जूनमध्ये धीर करून त्या संपादकांना फोन लावला. नाव सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता.

‘पाठवा,’ ते म्हणाले. ‘पण ऑगस्टात फोन उचलाल ना?’