अब्बांचा जुना कम्प्युटर

गेल्या रमजान ईदला आम्ही दोघी बहिणी चिपळूणला माहेरी गेलो, ते नवा लॅपटॉप सोबत घेऊनच. अब्बांच्या कम्प्युटरमधले सगळे त्यात उतरवून घ्यायचे होते. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे अल्बम, निकाहनामे, दादीच्या वह्या सारे चिखलात गेले. वरच्या खोलीतला हा विंडोज एक्सपीचा कम्प्युटर तेवढा वाचला. अब्बा त्यावर लग्नपत्रिका करायचे. २००६ साली दादीने म्हटलेली कोकणी लग्नाची गाणी त्यांनी माइक लावून त्यातच साठवली होती. दादी आता नाही, आणि तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

सीडी ड्राइव्ह बंद, पेनड्राइव्ह लावायची जागा निकामी. हार्डडिस्क काढून देऊ, असे एक दुरुस्तीवाला म्हणाला. पण शेजाऱ्यांची डिस्क अशीच कोरी होऊन परत आली होती, म्हणून अब्बा कॅबिनेटला हात लावू देईनात.

मग दोन्ही कम्प्युटर केबलने राउटरला जोडले. जुन्यावर फोल्डर शेअर केला, वर्कग्रुपचे नाव जुळवले, फायरवॉलमध्ये परवानगी दिली. तरी नवा जुन्याला ओळख दाखवेना. शेवटी जुन्याचा आयपी पत्ता टाकला, तेव्हा उत्तर आले: यासाठी एसएमबी-१ लागते आणि ते धोक्याचे आहे.

“म्हणजे माझाच कम्प्युटर खराब ना?” अब्बा म्हणाले. तसे नव्हते. एसएमबी ही एका कम्प्युटरने दुसऱ्याकडे फायली मागायची बोली. एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. पुढची व्हिस्टापासून आली. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने याच जुन्या आवृत्तीतल्या त्रुटीतून शिरून दीडशेहून अधिक देशांतल्या कम्प्युटरांवरच्या फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधल्या इस्पितळांचेही काम अडले. त्याच वर्षापासून विंडोज १० मधून ती आवृत्ती काढायला सुरुवात झाली.

लॅपटॉपच्या कंट्रोल पॅनेलमध्ये, विंडोजच्या सुविधा चालू-बंद करायच्या यादीत, एसएमबी १.० च्या खाली तीन चौकोन निघाले. घाईत आम्ही तिन्हींवर खूण केली. मग नीट वाचल्यावर कळले, फायली आणायला आपल्याला फक्त ‘क्लायंट’ हवा. ‘सर्व्हर’ चालू ठेवला, तर आपलेही दार उघडे राहते. दोन खुणा पुसल्या. राउटरची इंटरनेटची वायर काढली, आणि ऐन ईदच्या संध्याकाळी घरभर ओरडा झाला! भावाची मुले तर रडकुंडीला आली.

लॅपटॉप बंद करून चालू केला. फोल्डर उघडला. फायली यायला रात्रीचे साडेअकरा वाजले. मग उरलेली खूणही पुसली, लॅपटॉप परत चालू केला, आलेल्या फायली अँटिव्हायरसने तपासल्या आणि त्यानंतरच वायर जागेवर लावली. एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली. ती आता धाकटीच्या घरी, पुण्याला आहे.

दादीचे गाणे लावले. मध्येच ती खोकते आणि “बंद कर रे ते” म्हणते. अम्मी हसता हसता उठून आत गेली.

उर्दू पत्रिकांच्या इनपेजच्या फायली मात्र लॅपटॉपवर उघडत नाहीत. तो प्रोग्राम आमच्याकडे नाही. अब्बांना त्याचे काहीच वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वरच्या खोलीत जुन्यासमोर बसून मोहल्ल्यातल्या एका निकाहची पत्रिका जुळवत होते.