स्प्रे, मीठ आणि बाबांची स्प्लेंडर

गाडीला गंज लागू नये म्हणून कुठला स्प्रे मारायचा, हे पुण्यातल्या कुणी विचारलं तर खरं सांगू का, कुठलाही मारा. दर रविवारी गाडी धुवा, फडक्याने पुसा, हाताशी येईल तो डबा फुसफुसवा. झालं काम. माझी भानगड जरा वेगळी होती. गाडी बाबांची. १९९८ची हीरो होंडा स्प्लेंडर, एमएच-०८ पासिंग, मुक्काम रत्नागिरी, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आणि मी हिंजवडीत. दोन-अडीच महिन्यांतून एकदा घरी जाणं होतं. खाली बसून स्पोक पुसणं बाबांच्या गुडघ्यांना आता जमत नाही, आणि गाडी विकायचा विषय निघाला की ते ताटावरून उठतात.

तेव्हा रिक्वायरमेंट एका ओळीची. एकदा मारला की अडीच महिने कुणी हात नाही लावला तरी टिकला पाहिजे.

आधी थोडं गंजाविषयी. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एवढं आपण शाळेत शिकलो. खाऱ्या हवेची गंमत पुढे आहे. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाची प्रक्रिया जोरात चालते. शिवाय समुद्राचं मीठ हवेतलं बाष्प ओढून घेतं. म्हणजे पाऊस नसला, दव नसलं, तरी पत्र्यावर ओलसर थर असतोच. आणि आता ऐका, उघड्यावरच्या गाडीवरचं मीठ निदान पाऊस धुऊन तरी नेतो. पडवीत छपराखाली 'जपून' ठेवलेल्या गाडीवर ते साठत जातं. वर रेक्झिनचं कव्हर घातलं असेल तर आत ओल कोंडते, मग बघायलाच नको. आमची गाडी नेमकी पडवीत, कव्हरखाली. क्रोमच्या हँडलवर तांबूस पुरळ उठलं होतं ते त्यामुळेच. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो. त्याला बारीक चिरा असतात, आणि त्यांतून खालचं लोखंड डोकं वर काढतं.

आता स्प्रे. दुकानात सगळे डबे एकाच फळीवर असतात, पण जाती चार. पहिली पातळ, पाणी हटवणारी. डब्ल्यूडी-४० हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. डब्ल्यूडी म्हणजे 'वॉटर डिस्प्लेसमेंट', आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला! १९५३ साली सॅन डिएगोत तो बनला, आणि पुढे अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून वापरला गेला. भर पावसात प्लगच्या टोपीत पाणी शिरून गाडी बंद पडली तर त्याच्यासारखा मित्र नाही. पण त्याचा थर पातळ, बराचसा उडूनच जातो. कंपनीनेच लांब मुदतीसाठी 'स्पेशालिस्ट' नावाखाली गंजरोधक वेगळा काढलाय, यातच काय ते आलं.

दुसरी जात तेलकट. हा थर वाळत नाही, सांधीकोपऱ्यांत सरपटत जातो. एसीएफ-५० हा त्यातला प्रसिद्ध, मुळात विमानांसाठी बनवलेला. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिकडचे बाइकवाले नोव्हेंबर आला की गाडीला हाच फासतात. तिसरी जात मेणाची. मारल्यावर वाळून पापुद्रा धरते. चौथी सिलिकॉनची. प्लास्टिक-रबर चकाचक करायला झकास, गंजाच्या लढाईत तिला घेऊ नका.

आणि आपली देशी जात राहिलीच की! डिझेल मारणं, जळकं ऑइल फासणं. डिझेल रबराच्या बुशांना फुगवतं आणि धूळ ओढतं. जळक्या ऑइलमध्ये इंजिनातलं आम्ल आणि ओल आधीच असते, म्हणजे राखणीला चोरच बसवायचा. हे बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "आमच्या वेळी सगळे तेच लावायचे." बरं.

वाचून निर्णय होईना, म्हणून टेस्टिंग करायचं ठरवलं. फॅब्रिकेशनवाल्याकडून साध्या लोखंडाच्या सहा पट्ट्या कापून आणल्या, पॉलिश पेपरने घासून पांढऱ्या केल्या, भोकं पाडली आणि मे महिन्याच्या शेवटी पडवीतल्या वाशाला टांगल्या. एक कोरी, चार जातींची प्रत्येकी एक, सहाव्या पट्टीला ग्रीस. टेस्टर बाबा. ते चाळीस वर्षं सरकारी नोकरीत होते. त्यांनी लगेच डायरीत रकाने आखले आणि दर रविवारी व्हॉट्सॲपवर फोटोसह रिपोर्ट पाठवायला सुरुवात केली. आमच्या कंपनीत इतकं व्यवस्थित डॉक्युमेंटेशन मी पाहिलेलं नाही :)

कोरी पट्टी तिसऱ्या दिवशीच तपकिरी. सिलिकॉनवाली आठवडाभरात त्याच वाटेने. पातळ स्प्रेवालीवर दुसऱ्या रविवारी ठिपके. तेलकट पट्टीने जुलै अखेरपर्यंत तग धरला, पण तिच्यावर एवढी धूळ बसली की बाबांनी शेरा मारला, 'स्वच्छता असमाधानकारक'. मेणाची पट्टी गणपतीला गेलो तेव्हाही साफ होती, फक्त भोकाच्या कडेला, जिथे तार घासत होती, तिथे गंज. ग्रीसवालीही साफ, पण तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तर निर्णय असा. दिसणाऱ्या लोखंडावर, म्हणजे हँडल, रिम, मडगार्डची आतली बाजू, तिथे मेण. सांधे, नट-बोल्ट आणि सीटखालच्या फ्रेमला तेलकट. चेनला यातलं काहीच नाही, तिला ९० नंबरचं गिअर ऑइल. ब्रेक आणि टायरकडे डबा वळवायचासुद्धा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी गोड्या पाण्याने धुणं आणि पूर्ण वाळवणं. नाहीतर मिठावरच पापुद्रा चढतो आणि आतल्या आत काम चालू. धुण्या-वाळवण्यात माझी अख्खी सकाळ गेली, स्प्रे वीस मिनिटांत आटपला. कव्हर काढून टाकलं, जुनी सुती चादर घातली.

एक जागा मात्र कुठल्याच डब्याच्या आवाक्यात नव्हती. सायलेन्सरची आतली बाजू. बाबा दर रविवारी आंघोळ झाली की गाडी सुरू करायचे, पाच मिनिटं, जागेवरच. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. सायलेन्सर नीट तापला तर ती बाहेर पडते. पाच मिनिटांत तो तापत नाही, वाफ आतच थंड होते आणि पत्रा आतून सडतो. म्हणजे गाडी जपण्यासाठी आठवड्यातून एकदा जे प्रेमाने केलं जात होतं, तेच तिला खात होतं. हे सांगायला मला दोन दिवस लागले. त्या पाच मिनिटांत ते गाडीवर बसलेले असतात, क्लच दाबून बघतात, आरसा नीट करतात. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "आली बघ स्वारी." सायलेन्सर बाजारात नवा मिळतो हो.

शेवटी रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं, इंजिनिअरिंगच्या भाषेत, वाफ वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती वेळ चालवली पाहिजे?" म्हटलं, वीसेक मिनिटं, आणि रस्त्यावर. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच शेजारच्या काकांच्या मुलाला हाक मारली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि स्वतः मागे बसले. गिअर कधी बदलायचा हे मागून सांगत होते, ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं.

आता दर रविवारी दोघं मिरकरवाड्याला मासळी आणायला जातात. सायलेन्सर मस्त तापतो. माशांची खारं पाणी गळणारी पिशवी हँडलच्या क्रोमला अडकवू नका, एवढं मात्र मला त्यांना अजून पटवता आलेलं नाही.