वाशिमच्या वाटेवर मुष्टियुद्धाचा विचार

अकोल्याहून वाशिमला जायचे म्हणजे पातूर, मेडशी, मालेगाव असा सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता. पूर्वी हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यातच होता. १ जुलै १९९८ रोजी वाशिम जिल्हा वेगळा झाला. पण दवाखाना, शिक्षण, बाजार यांसाठी अकोल्याकडे धावणारी एसटी काही थांबली नाही. खेळाचेही तसेच. विदर्भात बॉक्सिंग म्हटले की अकोल्याचे नाव निघते. तिथल्या वसंत देसाई क्रीडांगणावर मुले-मुली या खेळाचे धडे घेतात.

पातूरच्या डोंगरातली जुनी लेणी मागे पडली की घाट लागतो. पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तुरीची शेते. फाट्याफाट्यावर गाडी थांबते, दप्तर घेतलेल्या मुली उतरतात आणि गावाची पायवाट धरतात. आई निंदणाला गेलेली, बाप वीटभट्टीवर. त्या वाटेवर कुणी आडवे आले तर? या एका भीतीपोटी कितीतरी आईबाप मुलीची शाळा बंद करतात. म्हणून बॉक्सिंगचा विचार आम्हाला याच रस्त्यावर करावासा वाटतो.

बॉक्सिंग म्हणजे मारामारी, असा समज आहे. प्रत्यक्षात आधी शिकवतात ते उभे राहणे. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांजवळ. मग पाय न गुंतवता मागे-पुढे सरकणे. त्यानंतर पुढच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब. समोरच्याला हातभर लांब ठेवायला तो उपयोगी पडतो. ठोशाचे बळ नुसत्या दंडाचे नसते. ते पायांतून आणि कमरेतून येते. म्हणून सडपातळ मुलगीही हे शिकू शकते. सर्वात मोठा लाभ मनाचा. अंगावर हात आला तरी डोळे मिटायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही, ही सवय सरावाने लागते.

पण भ्रमात राहू नये. रिंगणात पंच असतो, हातमोजे असतात, समोर आपल्याच वजनाचा एकच गडी असतो. रस्त्यावर यातले काही नाही. मागून मिठी मारणे, काठी, चाकू, चारचौघांचा घोळका यांवर ठोसा हा उपाय नव्हे. उघड्या मुठीने डोक्यावर मारले तर आपल्याच हाताचे हाड मोडू शकते. म्हणून अंतर ठेवावे, मोठ्याने ओरडावे, वाट मिळताच पळावे आणि ११२ ला फोन करावा. कायदाही पाठीशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत. मात्र बळ गरजेपुरतेच वापरायचे.

हा संयम आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला. त्यांच्यात लष्करातून निवृत्त झालेले शिपाईगडी होते. उलट मारण्याची ताकद असूनही बाबासाहेबांच्या शब्दाखातर त्यांनी हात आवरला. अंगात बळ असलेल्यानेच हात आवरला तर त्याला संयम म्हणतात.

२०१२ साली लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग प्रथमच आले आणि शेतात राबणाऱ्या आईबापांच्या मेरी कोमने कांस्यपदक आणले. आपल्या लेकींना पदक मिळो न मिळो, ताठ चालणे तरी मिळेल.

गाडी वाशिमला पोचते. हे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. अशा गावी शिकायला येणाऱ्या मुलीने भीतभीत यावे, हे आम्हाला पटत नाही. बंधूंनो, भगिनींनो, जाणता प्रशिक्षक गाठा, विहाराच्या अंगणात संध्याकाळी तासभर सराव सुरू करा. मुलांनाही सोबत घ्या. मुलीच्या वाटेत आडवे येऊ नये, हा धडा त्यांनाही तिथेच मिळेल. मुलीची शाळा मात्र बंद करू नका.